हिरवं आहे ना?

न्यायमूर्तींनी आपलं झाड धाकट्या जावयाकडे द्यायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणाचाच विश्वास बसला नाही. धाकट्या जावयाचा तर मुळीच नाही.

न्यायमूर्ती म्हणजे त्याचे सासरे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कोर्ट सुटलं तरी निकाल द्यायची सवय काही सुटली नव्हती. घरात चहा पुन्हा टाकायचा की नाही, यावरही दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जायच्या. आणि झाड म्हणजे ज्युनिपरचं बोन्साय. जेमतेम हातभर उंच, वाऱ्याने रेटल्यासारखं एका अंगाला झुकवलेलं, खोडाची अर्धी साल सोलून पांढरी केलेली. कुंडी चपटी, निळी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. न्यायमूर्तींनी हे झाड ऐन उमेदीत लावलं आणि दोन मुलींच्या बरोबरीने वाढवलं. मुलींना ते कधी ‘शाब्बास’ म्हणाले असतील तर मुलींना आठवत नव्हतं. झाडाला रोज सकाळी म्हणायचे.

आता न्यायमूर्तींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेही थोरल्या जावयाच्या हॉस्पिटलात. थोरला जावई हाडांचा डॉक्टर. त्याचा बंगला, बंगल्याला बाग, बागेला माळी. ऑपरेशननंतर न्यायमूर्ती आणि सासूबाई तिथेच राहणार होते, म्हणजे झाडही तिथेच जाणार हे उघड होतं. पण सगळे जमलेले असताना न्यायमूर्तींनी घसा खाकरला आणि म्हणाले, “झाड धाकटे जावई नेतील.”

थोरला जावई हसला. त्याला वाटलं, सासऱ्यांनी या वयात पहिला विनोद केला.

धाकट्याला हसू येईना. त्याची दातांची लॅब होती. डॉक्टर लोक मापं पाठवायचे आणि हा कवळ्या आणि कॅपा बनवून द्यायचा. त्याच्या हाताला यश होतं. पण या घरात त्याच्या कामाचं नाव कुणी काढत नसे. थोरला जावई पाहुण्यांना सांगायचा, “हे आमचे साडू. डेंटल लाइनमध्ये असतात.” जसं काही कुणीतरी आजारी असल्याचं सांगावं.

न्यायमूर्तींनी त्याला तोललं होतं ते लग्न ठरवतानाच. “या कामात पुढे काय?” असं त्यांनी विचारलं होतं. तो बिचारा नीट विचार करून उत्तर द्यायला गेला, तेवढ्यात न्यायमूर्ती म्हणाले, “जो उत्तर देत नाही त्याने कबूल केलं, असं मी धरतो. म्हणजे पुढे काही नाही.” हे वाक्य त्यांचं फार लाडकं. घरात बरणी फुटो की परीक्षेत मार्क कमी पडोत, समोरचा गप्प राहिला की न्यायमूर्ती हे वाक्य काढायचे आणि प्रकरण निकालात निघायचं. लग्न झालं ते मुलगी हटून बसली म्हणून.

गंमत अशी की, त्याच न्यायमूर्तींच्या तोंडातला एकेक दात धाकट्या जावयाने घडवलेला होता. वरची कवळी आणि खालचीही. दुपारी लॅबमधली माणसं जेवायला गेली की न्यायमूर्ती मफलर गुंडाळून मागच्या दाराने यायचे. “हे तुमच्या-माझ्यात,” पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं. भाषणांत ते सांगायचे, “या वयातही माझे सगळे दात शाबूत आहेत, कारण शिस्त.” लोक टाळ्या वाजवायचे. जावई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा आणि आपला कोणता दात किती छान बसलाय ते बघायचा. त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सासूबाईंना ठाऊक असणारच, पण त्या या विषयावर मूग गिळून होत्या.

तर असा हा जावई झाड न्यायला गेला. न्यायमूर्तींनी सगळ्यांसमोर त्याला चक्क खुर्ची दिली. मग लांब नळीची तांब्याची झारी त्याच्या हातात ठेवली आणि पाणी कसं घालायचं ते सांगितलं.

“वार ठरवून पाणी घालायचं नाही. झाडाला कॅलेंडर कळत नाही. बोट मातीत पेरभर घालायचं. ओल लागली तर हात आवरायचा. कोरडं लागलं तर घालायचं, पण असं की खालच्या भोकांतून पाणी वाहिलं पाहिजे. वरवर शिंपडून झाडाला फसवायचं नाही. आणि घरात कधी म्हणजे कधी ठेवायचं नाही. हे उघड्यावरचं झाड आहे. ऊन आणि वारा नसेल तर हे जगत नाही. समजलं?”

“समजलं, बाबा.”

“हिरवं आहे ना?” न्यायमूर्तींनी झाडाकडे बोट केलं.

“हो. हिरवंगार.”

“सगळ्यांनी ऐकलंत,” न्यायमूर्ती म्हणाले. “हिरवंगार ताब्यात घेतलं.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि पदराने पुसून टाकलं. हॉलमध्ये सन्मानचिन्हांच्या खाली, एसीच्या अगदी झोताखाली, एका स्टुलावर चपट्या कुंडीच्या पाण्याचा डाग वाळून राहिला होता. जावयाने तो पाहिला. झाडाचा हिरवा रंगही त्याच्या नजरेला किंचित राखेकडे झुकलेला वाटला. रंग जुळवणं हेच त्याचं काम, पांढऱ्यातल्या बारीक छटा तो डोळे मिटून सांगेल. पण त्या दिवशी त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. सासऱ्यांनी खुर्ची दिली होती, झारी दिली होती. अशा वेळी कोण छटा बघत बसतो?

घरी झाडासाठी बाल्कनी रिकामी झाली. वाळत घालायचे कपडे आत आले, आईची आरामखुर्ची कोपऱ्यात गेली. बायकोने बहिणीला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी, अगदी सहज आठवल्यासारखं सांगितलं, “हो गं, बाबांनी आमच्याकडेच दिलंय. त्यांना वाटलं असेल, ह्याचा हात हलका आहे.” जावयाने ते आतल्या खोलीतून ऐकलं. त्या दिवशी त्याने एक कवळी अशी घडवली की दातांच्या डॉक्टरने फोन करून विचारलं, पेशंटचे खरे दात चुकून परत तर नाही पाठवलेत?

त्याचा नेम चुकत नव्हता. उठलं की बाल्कनी, बोट मातीत, डोळे मिटून ओल बघायची. मग पाणी, खालच्या भोकांतून वाहेपर्यंत. आठवडाभरात तो लॅबमध्ये कामगारांना सांगू लागला, “झाडाला कॅलेंडर कळत नाही.” हे वाक्य कुणाचं ते मात्र सांगत नव्हता.

न्यायमूर्तींचा फोन रोज यायचा. ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला. फोन कायम स्पीकरवर असायचा आणि मागे कुणी ना कुणी बोलत असायचं. जावई विचारायचा, “बाबा, गुडघा कसा आहे?” न्यायमूर्तींना गुडघ्यात रस नव्हता.

“हिरवं आहे ना?”

“हो बाबा, हिरवं आहे.”

“तुमच्या जबाबदारीवर आहे हं.”

“हो बाबा.”

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” न्यायमूर्ती तिकडे म्हणायचे आणि फोन ठेवायचे. जावयाला भरून यायचं. किती जीव म्हणायचा झाडावर!

मग एक दिवस झाडाचा रंग उतरला. आधी टोकं पिवळसर झाली, मग तांबूस. हात लावला की सुईसारखी पानं बाल्कनीच्या फरशीवर गळू लागली. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पाणी वाढवलं, मग घाबरून थांबवलं, मग कुंडी उन्हात सरकवली, मग सावलीत. फोनवर तो “हिरवं आहे” म्हणत राहिला आणि प्रत्येक वेळी आवाज अधिक बारीक होत गेला.

तेव्हा घरातल्या बाकीच्यांच्या गोष्टी बाहेर आल्या. त्याची आई रडवेली होऊन म्हणाली, “मीच मारलं रे. तू कामाला गेलास की मी गार झालेला चहा घालायचे. मला वाटलं, तुझं नुसतं बोट घालून काय होणार?” बायको म्हणाली, “मीपण रोज संध्याकाळी फवारा मारत होते. तू विसरशील म्हणून.” म्हणजे एका हातभर झाडाला तिघं जण पाणी घालत होते आणि तिघांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता. पण कबुलीजबाब दिल्यानंतर राग निघाला तो त्याच्यावरच.

“एवढंसं झाड तुला सांभाळता आलं नाही,” बायको म्हणाली. “बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा तुला काही दिलं. आता कोणत्या तोंडाने जाऊ मी तिकडे?”

लग्नाच्या वेळी ती हटून बसली होती, ते चुकलं की काय असं तिला वाटतंय, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याला झाडापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं.

तो कुंडी घेऊन रोपवाटिकेत गेला. मालकीणबाई मातीने भरलेले हात झटकत आल्या. त्यांनी नखाने फांदीची साल खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं, तिथे काडीसारखं कोरडं होतं.

“हे कधीच गेलंय,” त्या म्हणाल्या.

“आम्ही तिघं जण पाणी घालत होतो,” जावई म्हणाला. “जास्त झालं असेल.”

“तुम्ही अख्खी विहीर ओतली असती तरी फरक पडला नसता. मेलेल्याला काय पाणी? ज्युनिपरचं असंच असतं. जीव गेला तरी दीड-दोन महिने हिरवंच दिसतं. तुमच्याकडे किती दिवस आहे?”

“महिना व्हायचाय.”

“मग तुमच्याकडे आलं तेव्हाच गेलेलं होतं.” एवढं म्हणून बाई थबकल्या. त्यांनी कुंडी फिरवली, टवका उडालेला कोपरा बघितला. “अरेच्चा, हेच ते. एक आजोबा आणून दाखवून गेले होते. कडक इस्त्रीचे कपडे, गुडघा धरून चालत होते. झाडाला बक्षीस मिळालं म्हणून पाहुण्यांना दिसावं असं हॉलमध्ये एसीखाली ठेवलं होतं म्हणे. मी तेव्हाच सांगितलं त्यांना, आजोबा, हे गेलं. तर त्यांनी एकच विचारलं.”

“काय?”

“हिरवं किती दिवस राहील?”

जावई कुंडी उचलून बाहेर आला आणि गाडीत नुसताच बसून राहिला. मेलेलं झाड गळ्यात मारलं होतं. ती खुर्ची, ती झारी, तो स्पीकरवरचा फोन, “ऐकलंत ना सगळ्यांनी?” सगळं एका दमात उलगडलं. न्यायमूर्ती झाडाची चौकशी करत नव्हते, साक्षीदार जमवत होते. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन तो म्हणाला, “अगं, बाबांनी आधीच...”

“आता बाबांवर ढकल,” बायको म्हणाली आणि आत निघून गेली. तो पुढे काही बोलला नाही. बोलायची त्याला सवय नव्हती, हेच तर खरं दुखणं.

रविवारी थोरल्याच्या बंगल्यावर सगळ्यांचं जेवण होतं. न्यायमूर्ती आता काठी घेऊन चालू लागले होते, त्याचा आनंद म्हणून. जावई वाळलेलं झाड घेऊन दारातून आत आला आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. न्यायमूर्ती मोठ्या खुर्चीत होते, पाय समोरच्या चौरंगावर. त्यांनी झाडाकडे बघून डोळे मिटले.

“हिरवं दिलं होतं,” ते म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी ऐकलं होतं.

“तुम्हाला काही सांगायचंय?”

जावई हेच सांगायला आला होता. वाटेत मनात घोकलंही होतं. पण खुर्चीतल्या माणसाने तसं विचारलं आणि त्याची दातखीळ बसली. बायको जमिनीकडे बघत होती.

“जो उत्तर देत नाही त्याने कबूल केलं असं मी धरतो,” न्यायमूर्ती म्हणाले. मग त्यांचा आवाज मऊ झाला. “पण मी कुणाला शिक्षा देणार नाही. माणूस आहे, चुकतो. माझं अर्धं आयुष्य त्या कुंडीत होतं, तरी मी तुम्हाला माफ करतो.”

थोरल्या मुलीने डोळे पुसले. थोरल्या जावयाने साडूच्या पाठीवर थाप मारली. “बाबांचं मन मोठं म्हणून,” तो म्हणाला. “मी असतो ना, तर पहिल्याच दिवशी डॉक्टर बोलावला असता.”

जेवायला अवकाश होता. न्यायमूर्तींनी धाकट्या जावयाला खुणेने आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ऑपरेशननंतर अंग उतरलं होतं, त्यामुळे कवळ्या सैल होऊन टोचत होत्या. त्यांनी दोन्ही काढून रुमालात ठेवल्या आणि रुमाल त्याच्या हातात दिला.

“जरा घासून द्या. तुमच्या पिशवीत कानस असतेच. मग जेवायला बसू.”

दातांशिवाय त्यांचा चेहरा एकदम लहान झाला, ओठ आत गेले, अक्षरं तोंडातल्या तोंडात विरघळू लागली. जावयाला क्षणभर त्यांची दया आली. मग त्याला स्वतःची आली.

“बाबा, मी रोपवाटिकेत गेलो होतो,” तो म्हणाला. “त्या बाई तुम्हाला ओळखतात.”

न्यायमूर्ती काठीची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, “एसीखाली ठेवलं ते माझं चुकलं. आयुष्यभर लोकांना सांगितलं, घरात ठेवू नका. बक्षिसानंतर लोक यायला लागले, वाटलं, दिसू दे चार दिवस.”

“मग मलाच का दिलंत?”

“थोरल्याला दिलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, मेलंय. मेलेलं ओळखणं त्याचं काम आहे. तुम्ही बोलत नाही. इतकी वर्षं माझे दात सांभाळलेत, कुणाला कळू दिलंत का?” न्यायमूर्तींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “खरं सांगतो, या घरात माझा भरवसा फक्त तुमच्यावर आहे.”

हे वाक्य ऐकायला तो लग्न झाल्यापासून थांबला होता. ते ऐकलं आणि त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. सासऱ्यांनी त्याचे हात हेरलेच नव्हते, हेरलं होतं ते त्याचं बंद तोंड.

“बाहेर जाऊन खरं सांगा, बाबा. माझ्यासाठी नाही, तर तुमच्या मुलीसाठी तरी.”

“छे. एकदा दिलेला निकाल मी बदलत नाही. माफ केलंय ना? विषय संपला. चला, घासा लवकर.”

बाहेरून थोरलीने हाक मारली. ताटं वाढली होती. जावयाने रुमालाची नीट घडी घातली, खिशात टाकली आणि दार उघडून बाहेर गेला. न्यायमूर्ती काठी टेकत मागोमाग आले. ओरडून थांबवावं तर ओरडायचं कशाने? ते ओठ घट्ट मिटून आपल्या जागेवर बसले.

“बाबांनी मला माफ केलं, ते खरंच मोठं मन आहे,” धाकटा जावई उभ्यानेच म्हणाला. आवाज कापत होता, पण निघाला. “पण झाड आमच्याकडे आलं तेव्हाच मेलेलं होतं. हॉलमध्ये एसीखाली ठेवल्याने ते गेलं. बाबांना ते माहीत होतं. रोपवाटिकेतल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं. माझ्या बोलण्यात तसूभर खोटं असेल तर बाबा आहेतच समोर. त्यांनी सांगावं.”

सगळे न्यायमूर्तींकडे वळले. न्यायमूर्तींच्या नाकपुड्या फुगल्या, मान लाल झाली. त्यांची नजर जावयाच्या खिशावरून हलेना.

“बाबा?” धाकटी मुलगी पुढे आली. “हा काय म्हणतोय? खोटं आहे ना? नाही म्हणा ना.”

न्यायमूर्तींनी ओठ आणखी घट्ट मिटले.

“नुसतं ‘नाही’ म्हणा, बाबा.”

मग थोरली मुलगी हलक्या आवाजात, आपल्याच तोंडून हे निघतंय याचं नवल वाटल्यासारखी म्हणाली, “जो उत्तर देत नाही...” आणि थांबली. पुढचं सगळ्यांना पाठ होतं.

धाकटीने नवऱ्यासाठी खुर्ची ओढली. स्वतः शेजारी बसली आणि सगळ्यांत आधी त्याचं ताट पुढे घेतलं. त्याने एक हात खिशावर ठेवला. कवळ्या तो संध्याकाळी लॅबमध्ये नेऊन घासणार होता, छान बसतील अशा, आणि त्या कुणाच्या आहेत ते अजूनही कुणाला सांगणार नव्हता.

सासूबाई इतका वेळ वाढायचा चमचा हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या मिटलेल्या ओठांकडे, आणि थोरलीला म्हणाल्या, “ह्यांना आज पातळच वाढ गं.”